७,२०० किलोमीटर, ताशी ९००, मग दहा तास कशाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आई पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच एकटी लंडनला, बहिणीकडे निघाली आहे. इंटरनेटवर मुंबई–लंडन हवाई अंतर ७,२०० किलोमीटर दिसतं आणि विमानाचा वेग ताशी ९००. भागाकार केला की बरोब्बर आठ तास. तिकिटावर मात्र मुंबईहून सुटायची वेळ १३:१५ आणि लंडनला पोचायची १८:५०, म्हणजे जेमतेम साडेपाच तास. एजंट म्हणतो दहा तास लागतील आणि परतीला सव्वानऊ. यातलं खरं काय?

मी पंचवीस वर्षं फ्लाइट डिस्पॅचर म्हणून काम केलं. विमान कुठल्या वाटेने जाणार, किती उंचीवरून, किती इंधन घेऊन, याचा कागद कॅप्टनच्या हातात पडण्याआधी आमच्या टेबलावर तयार होतो. तेव्हा हा हिशेब रोजचाच होता, आणि नवीन पोरांना शिकवताना मी पहिल्या दिवशी नेमका हाच प्रश्न फळ्यावर लिहायचे. तुमचे आठ, तिकिटाचे साडेपाच, एजंटचे दहा. तिघांपैकी एजंट बरोबर आहे, आणि हे वाक्य मी सहसा लिहीत नाही.

साडेपाच तासांचं कोडं आधी मोडू. तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. लंडन आपल्या मागे आहे, हिवाळ्यात साडेपाच तास आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास, कारण तिथे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे सरकवतात. तुमच्या आई उन्हाळ्यात जात आहेत. १३:१५ ते १८:५० हे घड्याळाचे ५ तास ३५ मिनिटं, त्यात ४:३० मिळवा: १० तास ५ मिनिटं. येताना उलटं करायचं. लंडन २०:३० ते दुसऱ्या दिवशी मुंबई १०:१५, घड्याळाने पावणेचौदा तास, त्यातून साडेचार वजा, उरले सव्वानऊ. आमच्या ऑफिसात ही भानगडच नव्हती. भिंतीवर घड्याळ एकच, आणि ते ग्रिनिचच्या वेळेचं. आम्ही त्याला झुलू म्हणतो. दुपारी सव्वाची फ्लाइट माझ्यासाठी ०७:४५ झुलूची. घरी येऊन नवऱ्याला 'दोन झुलूला निघते' असं सांगून मी एकदा चांगलाच गोंधळ घातला होता.

आता खरा प्रश्न. तुमचे आठ तास आणि तिकिटाचे दहा तास पाच मिनिटं, यांच्यात सव्वाशे मिनिटांचा फरक आहे. ही सव्वाशे मिनिटं जातात कुठे?

७,२०० हा आकडा चुकीचा नाही. पृथ्वीच्या गोलावर मुंबईपासून लंडनपर्यंत दोरी ताणून धरली तर तिची लांबी तेवढीच भरते. घरात पृथ्वीगोल असेल तर खरंच दोरा लावून बघा. तो सौराष्ट्राच्या कडेने सिंध-बलुचिस्तानवर जातो, पूर्व इराणमधून वर चढतो, आर्मेनिया-जॉर्जियाच्या आसपास अर्धी वाट संपते, मग काळा समुद्र, पश्चिम युक्रेन, पोलंड, जर्मनी आणि लंडन. भिंतीवरच्या सपाट नकाशावर हाच दोरा उत्तरेकडे फुगलेला, उगाच वळसा घेतल्यासारखा दिसतो. मुंबई–लंडनमध्ये ही फूग तशी बेताचीच. बंगळूर–सॅन फ्रान्सिस्को बघितलंत तर दोरा उत्तर ध्रुवाच्या अंगाने जातो. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाच्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला विमान आणलं ते ध्रुवावरूनच.

पण दोऱ्याला परवानगी लागत नाही, विमानाला लागते. त्या यादीतले देश पुन्हा वाचा. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ ला भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि बंदीची मुदत महिन्या-महिन्याने वाढवत नेली. हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. २०१९ मध्ये बालाकोटनंतर फेब्रुवारीच्या अखेरीस बंद झालेलं पाकिस्तानी आकाश १६ जुलैला उघडलं होतं. मधल्या साडेचार महिन्यांत आमच्या खात्यात कुणाला धड रजा मिळाली नाही. दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या विमानांचे तर हालच. त्यांना आधी खाली गुजरातपर्यंत यायचं आणि मग पश्चिमेला वळायचं. मुंबई समुद्रावरच असल्यामुळे आपल्याला त्या मानाने कमी फटका बसतो. सरळ अरबी समुद्रावर निघायचं, ओमान गाठायचं, पुढे आखात, इराक, तुर्कस्तान, बाल्कन. यातही काही कायमचं नाही. १३ जून २०२५ ला इस्रायल-इराण भडका उडाला, इराण-इराकचं आकाश बंद झालं, आणि मुंबईहून लंडनला निघालेलं एक विमान काही तास उडून परत मुंबईतच उतरलं. त्या प्रवाशांना मुंबई–मुंबई हवाई अंतर किती ते कळलं.

म्हणून एकाच दिवशी, त्याच दोन शहरांमध्ये, भारतीय कंपनीच्या आणि ब्रिटिश कंपनीच्या तिकिटावर वेगळी वेळ दिसली तर चकित होऊ नका. बंदी भारतीय विमानांना आहे, ब्रिटिशांना नाही. तुमच्या आईंच्या विमानासाठी वाट ७,६०० किलोमीटरची धरू. ४०० किलोमीटर वाढले. ताशी ९०० ने सव्वाशेतली २७ मिनिटं इथे सापडली.

आता वारा. या हिशेबातला माझ्या आवडीचा भाग हाच.

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँचने गेला असाल तर हे तुम्हाला माहीतच आहे. इंजिन तेच, तांडेल तोच, पण पाण्याची ओढ विरुद्ध असेल तर लाँच रेंगाळते आणि सोबत असेल तर धक्का लवकर येतो. लाँच पाण्यातून चालते, जमिनीवरून नाही. विमानही तसंच हवेतून चालतं. ताशी ९०० हा त्याचा वेग आहे तो भोवतीच्या हवेच्या संदर्भात. ती हवा स्वतः कुठे चालली आहे, याचा ९०० शी काही संबंध नाही.

आणि आपल्या अक्षांशांपासून युरोपपर्यंत, पस्तीस-चाळीस हजार फुटांवर, ती हवा बहुतेक वेळ पश्चिमेकडून पूर्वेकडे चाललेली असते. तिच्यातल्या सर्वांत जोरदार पट्ट्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात तो इराण आणि उत्तर भारतावर उतरतो आणि त्यात ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरचा वारा सहज मिळतो. पावसाळ्यात तो पट्टा उत्तरेला सरकतो, आणि आपल्या दख्खनवर उंचावर चक्क पूर्वेकडून वारा वाहू लागतो. तेव्हा मुंबईहून पश्चिमेला निघालेल्या विमानाला सुरुवातीला थोडी फुकट ढकल मिळते. पुढे तुर्कस्तानच्या आसपास ती फिटते, पण मिळते.

फ्लाइट प्लॅनच्या कागदावर हे सगळं एका आकड्यात येतं. संपूर्ण वाटेवरचा सरासरी वारा, विरुद्ध असेल तर आधी 'एम', सोबत असेल तर 'पी', आणि पुढे नॉट्समध्ये तीन अंक. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. कॅप्टन मंडळी ब्रीफिंगला आली की बऱ्याच जणांचं बोट आधी त्या आकड्यावर जायचं. एका जानेवारीतली रात्र आठवते. कागदावर एम ०५२ होतं. कॅप्टन साठीला टेकलेले, निवृत्तीला थोडे महिने उरलेले. त्यांनी बोट ठेवलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "बावन्न? आज चहा तीनदा घ्यावा लागणार." मग इंधनाच्या ओळीवर बोट नेलं, तिथे काही न बोलता आपल्या हाताने एक टन वाढवून सही केली. माझा आकडा चुकलेला नव्हता. पण त्या वाटेवर मी कागदावर गेले होते, ते शेकडो वेळा प्रत्यक्ष. मी गप्प राहिले.

तुमच्या आईंच्या प्रवासासाठी विरुद्ध वारा सरासरी ताशी ४५ किलोमीटर धरू. ९०० चे ८५५ झाले. ७,६०० भागिले ८५५ म्हणजे ८ तास ५३ मिनिटं. आणखी २६ मिनिटं सापडली. येताना ४० किलोमीटरचा वारा पाठीशी आला तर तेच अंतर ८ तास ५ मिनिटांत.

आम्ही हे आणखी एका पद्धतीने मांडतो आणि मला ती जास्त पटते. जमिनीवरचं अंतर आणि हवेतलं अंतर हे दोन वेगळे आकडे धरायचे. जाताना विमान ८ तास ५३ मिनिटं ताशी ९०० ने हवा कापतं, म्हणजे त्याच्या लेखी ते ८,००० किलोमीटर चाललं. येताना त्याच्या लेखी सुमारे ७,२८०. फरक ७२० किलोमीटरचा. मुंबई ते नागपूर विमानाने साधारण ६८० भरतं. म्हणजे लंडन जितकं मुंबईहून लांब आहे त्यापेक्षा मुंबई लंडनहून एका नागपूरने जवळ आहे. इंधन भरायचं ते या हवेतल्या अंतरावर. नकाशावरच्या आकड्यावर भरलं तर पंचाईत.

इथे नेहमी एक उपप्रश्न येतो, तो आधीच खोडते: पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाताना लंडन आपणहून जवळ यायला हवं ना? नाही येत, कारण हवाही पृथ्वीबरोबर फिरते. ट्रेनच्या डब्यात उडी मारली तर तुम्ही मागच्या डब्यात पडत नाही. हवेची स्वतःची, जास्तीची चाल तेवढी हिशेबात घ्यायची, म्हणजे वारा. तो किती मोठा खेळ करतो बघा: फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर वादळ होतं तेव्हा ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीवरून मोजला तर वेग ताशी १,३०० च्या पुढे. आवाजाचा वेग ओलांडला म्हणून बातम्या आल्या. ओलांडला वगैरे काही नव्हता. विमान आपल्या नेहमीच्या चालीने हवेतून जात होतं, हवाच घाईत होती.

वारा विरुद्ध असेल तर कॅप्टनने जरा दामटायचं, असंही लोक सुचवतात. मोठी विमानं आवाजाच्या वेगाच्या ०.८५ पट चालतात, त्या उंचीवर म्हणजे ताशी ९०० च्या आसपास. ०.८७ केलं तर वीसेक किलोमीटर वाढतात आणि पूर्ण लंडनच्या वाटेवर दहा-बारा मिनिटं वाचतात. आवाजाच्या वेगाजवळ हवेचा विरोध मात्र झपाट्याने वाढतो, त्यामुळे त्या दहा मिनिटांची किंमत इंधनात टनांच्या हिशेबात जाते. शिवाय जास्तीचं इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं. दहा तासांच्या प्रवासात एक टन जादा घेतलं तर त्यातलं पंचवीस-तीस टक्के स्वतःला वाहून नेण्यातच जळतं. त्या कॅप्टनने वाढवलेला टन म्हणूनच मी विसरले नाही.

आतापर्यंत ८:५३. विमान पहिल्या मिनिटापासून ९०० ने जात नाही. दहा हजार फुटांच्या खाली वेगाला २५० नॉट्सची मर्यादा, आणि वर पोचायला वीस-पंचवीस मिनिटं. उतरताना लंडन दोनशे किलोमीटरवर असतानाच खाली यायला लागायचं. या दोन टोकांना मिळून बारा मिनिटं धरा. ९ तास ५ मिनिटं.

हा झाला हवेतला वेळ, चाक सुटल्यापासून चाक टेकेपर्यंत. तिकिटावरचा वेळ हा नव्हे. तिकीट मोजतं ते गेटवरून विमान हलल्यापासून पलीकडच्या गेटला ते उभं राहीपर्यंत. चाकांपुढचे ठोकळे काढल्यापासून परत लावेपर्यंत, आमच्या भाषेत ब्लॉक टाइम. मुंबईत हा फरक फार जाणवतो. आपल्या विमानतळाला धावपट्ट्या दोन आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी कामाला एकच येते. तिच्यावर दिवसाला नऊशेच्या वर विमानं चढतात-उतरतात. गेट सोडून रांगेत उभं राहून उडेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं जातात, आणि खिडकीतून बाहेर झोपड्यांचे निळे प्लास्टिक बघत बसणाऱ्या प्रवाशाला वाटतं कॅप्टन झोपला.

हीथ्रोचं दुखणं वेगळं. तिथे धावपट्ट्या दोन, समांतर, आणि खचाखच भरलेल्या. येणाऱ्या विमानांना लंडनभोवती चार ठिकाणी घिरट्या घालत थांबवतात. पूर्वेकडून येणाऱ्यांच्या वाट्याला बहुधा ईशान्येचं लॅम्बॉर्न येतं. हजार-हजार फुटांच्या अंतराने एकावर एक विमानं, दहीहंडीचे थर लागावेत तशी. फक्त इथे सर्वांत खालचा आधी निघतो आणि बाकीचे एकेक थर खाली येतात. आईंना खिडकीची जागा असेल तर सांगून ठेवा: टेम्स नदी दोनदा-तीनदा दिसली तर घाबरायचं नाही, विमान वाट चुकलेलं नाही.

मुंबईतल्या रांगेची पंचवीस मिनिटं, घिरट्यांची दहा, उतरून गेटपर्यंत दहा. ९ तास ५० मिनिटं झाली. राहिलेली पंधरा मिनिटं कंपनीने खिशात ठेवलेली आहेत. ठरल्या वेळेच्या पंधरा मिनिटांत विमान आलं तर ते वेळेवर आलं असं मानतात, आणि कंपन्यांना हा वक्तशीरपणाचा आकडा जाहिरातीत मिरवायचा असतो. मग वेळापत्रकातच थोडी हवा भरून ठेवायची. मला याचा राग येत नाही. वेळापत्रक सहा-सहा महिन्यांचं बनतं, वारा रोज बदलतो, कुठला तरी एक आकडा छापायचाच असतो. 'अर्धा तास लवकर पोचलो' ही घोषणा ऐकून टाळ्या वाजवणारे प्रवासी बघितले की मात्र हसू येतं. ती मिनिटं त्यांचीच होती.

तर २७, २६, १२, ४५ आणि १५. सव्वाशे पूर्ण. परतीचंही जमवून बघा: ८:०५, चढ-उताराची बारा मिनिटं, दोन्हीकडची जमीन आणि मुंबईवरची रांग मिळून ४३, वर पंधरा. सव्वानऊ.

देशातल्या देशात वारा आणि वळसे यांचं एवढं महत्त्व नसतं, तिथे जमिनीवरचा वेळ सगळं खातो. मुंबई–गोवा दाबोळीला ४२५ किलोमीटर, हवेत जेमतेम चाळीस-पन्नास मिनिटं, तिकिटावर सव्वा तास. देशांतर्गत प्रवासासाठी माझा अंगठ्याचा नियम: किलोमीटरला ८०० ने भागा आणि चाळीस मिनिटं मिळवा. नागपूर दीड तास, दिल्ली (१,१४० किलोमीटर) दोन तास पाच-सहा मिनिटं, कोलकाता पावणेतीन. तिकिटाशी ताडून बघा, फार चुकत नाही. कोलकात्याहून परत येताना मात्र दहा-पंधरा मिनिटं जास्त धरा. कारण आता तुम्हाला ठाऊक आहे.

हे सगळं वाचून आईंना प्रवास लांबलचक वाटला तर त्यांना सांगा की ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं पहिलं मुंबई–लंडन विमान, 'मलबार प्रिन्सेस', कैरो आणि जिनिव्हाला थांबत १० जूनला लंडनला पोचलं होतं.

आता बहिणीसाठी कामाची गोष्ट. मोबाइलवरच्या फ्लाइट ट्रॅकरमध्ये 'लँडेड' दिसतं ते चाक टेकल्याचं. तिथून गेट दहा-पंधरा मिनिटं, मग इमिग्रेशनची रांग, मग बॅगा. आई पहिल्यांदाच जात आहेत, म्हणजे बॅगेत लोणचं आणि भाजणी असणार आणि ती बॅग पट्ट्यावर शेवटी येणार. 'लँडेड' दिसल्यावर निदान तासभर तरी त्या बाहेर येत नाहीत. व्हीलचेअरची मदत मागितली असेल तर रांग टळते, पण व्हीलचेअर येईपर्यंत थांबावं लागतं. ती मदत तिकीट काढतानाच नोंदवा, काउंटरवर ऐनवेळी नको. आणि सकाळी निघण्याआधी ट्रॅकरवर त्याच नंबरची कालची फ्लाइट प्रत्यक्षात किती वेळ उडाली ते बघा. वारा एका रात्रीत सहसा फार बदलत नाही, तेव्हा आजचा सर्वांत भरवशाचा अंदाज तोच.